भागम्माचे चार डबे

मानवतच्या बाजारात माणसं दोघांना वचकून असत. एक मोकाट सोडलेला देवाचा नंदी आणि दुसरं भागम्माचं तोंड. नंदीपुढं पाटीभर सरकी टाकली की तो वाट द्यायचा. भागम्मापुढं पंचपक्वान्न वाढलं तरी ती जे बोलायचं ते बोलायचीच, वर आमटीत मीठ कमी पडलं हेही सांगायची.

तिचा नवरा कापसाच्या जिनात हमाली करता करता वारला तेव्हा पदरात गौरा नावाची एकच लेक होती. भागम्मानं ना भावाचं दार धरलं ना दिराचं. मन्मथअप्पाच्या माडीवर एक खोली घेतली, चूल मांडली आणि जोंधळ्याच्या कडक भाकरी अन् शेंगांची चटणी करून बाजारात विकायला सुरुवात केली. गाडीवान, अडते, खेड्यापाड्यांतून कापूस घेऊन येणारे, सगळे तिच्या भाकरीवर जगले. भाकरीबरोबर चार शब्द फुकट मिळायचे. ते चटणीपेक्षा तिखट असत.

आता त्या माडीचं सांगतो. खाली दगडी भिंती, वर सगळं लाकूड. खाली तीन दुकानं. मधलं खुद्द मन्मथअप्पाचं, सरकी-कापसाचं. उजवीकडं दत्तरावाचं किराणा अन् घासलेटचं. डावीकडं ओट्यावर कडूबाईची फुटाण्याची भट्टी. वर तीन खोल्या, त्यातल्या दोन अप्पाच्या कापसानं छतापर्यंत भरलेल्या अन् तिसरीत भागम्मा. वर जायला जिना एकच, तोही लाकडी, कापसाचं दुकान अन् भट्टी यांच्या मधून चढणारा. म्हणजे खाली विस्तव, शेजारी घासलेट, वर कापूस अन् कापसाच्या कुशीत माणूस. ही अक्कल ज्यानं पाजळली तो मालक मन्मथअप्पा स्वतः मात्र गल्लीपलीकडच्या दगडी घरात, अंगणात आड असलेल्या जागी झोपायचा. शहाणा माणूस!

जर्मनच्या लढाईच्या दिवसांत निजामाच्या कचेरीतून हुकूम निघाला. ज्या इमारतीत खाली दुकानं अन् वर बिऱ्हाडं आहेत, तिथं जिना मोकळा ठेवायचा, जिन्यापाशी वाळूचे चार डबे टांगायचे आणि पाण्याचा रांजण कायम भरलेला ठेवायचा. हुकूम उर्दूत होता. बाजारातल्या मुन्शीनं तो वाचून दाखवला. शेवटी लिहिलं होतं की ही जिम्मेदारी मकानातल्या लोकांची. कोणत्या लोकांची, ते लिहायला कागद पुरला नसावा.

मग ओट्यावर बैठक बसली.

"मी मालक खरा," अप्पा म्हणाला, "पण मी कुठं हितं राहतो? जो राहतो त्यानं बघावं."

"मी तर किरायेदार," दत्तराव म्हणाला. "भिंती अप्पाच्या, जिना अप्पाचा. मी कामून वाळू वाहू?"

"माझी भट्टी तर उघड्यावर हाय," कडूबाई म्हणाली. "आग लागली तर वरच्या चुलीनं लागंल."

मग तिघांनी एकदम वर बघितलं. भागम्मा सज्ज्यात उभी राहून सगळं ऐकतच होती.

"वा रे वा!" ती वरून गरजली. "खाली भट्टी तुमची, घासलेट तुमचं, कापूस तुमचा, अन् आग म्हणं माझ्या भाकरीनं लागणार! असं करा, तुमी तिघं मिळून विस्तवावर बसा अन् चटका लागला की मला हाक मारा."

शेवटी तपासणीला येणाऱ्या दरोग्याच्या धाकानं घासलेटचे चार रिकामे डबे लाल रंगवून जिन्यापाशी खुंट्यांना टांगले. गावाखालचा ओढा हाकेच्या अंतरावर, वाळू फुकटची. अप्पाच्या हमालानं एका सकाळी चारी डबे भरले. रांजणही मांडला. तिघांची छाती अशी फुगली की जणू त्यांनी गाव पाण्याबाहेर काढलं!

पहिले काही महिने डब्यांत वाळू होती, खोटं कशाला बोला. मग एकदा कडूबाईच्या भट्टीतली वाळू भाजून भाजून काळी पडली. फुटाण्यांना करपट वास यायला लागला. ओढा हाकेच्या अंतरावर होता खरा, पण जिन्यातला डबा दोन पावलांवर होता. तिनं चार ओंजळी घेतल्या. दत्तरावाला माठाखाली ओली वाळू घालायची होती, पाणी गार राहावं म्हणून. त्यानं अर्धा डबा नेला. अप्पाला बहीखात्यावरची शाई टिपायला बारीक वाळू लागायची. त्यानं डब्यातली चाळून घेतली, अन् चाळणीत राहिलेले खडे तेवढे इमानानं परत टाकले. प्रत्येकाला वाटायचं, आपण घेतली ती एवढीशीच. रांजणाचं काय सांगू? त्यात कडूबाई हरभरे ठेवायला लागली होती.

दरोगा महिन्याच्या महिन्याला यायचा. त्याच्या आदल्या दिवशी धावपळ उडायची. एकदा ओढ्यावर जायला हमाल मिळेना, तेव्हा कडूबाईनं तोड काढली. फुटाणे सोलून निघालेल्या फोलपटांचा ढीग तिच्याकडं कायम पडलेला असे. तिनं चारी डबे फोलपटांनी गळ्यापर्यंत भरले अन् वरून बोटभर वाळू पसरली. दरोगा आला, त्यानं मान वर करून डबे मोजले, चार भरले. ओट्यावर बसून फुटाणे खाल्ले, कागदावर सही केली अन् निघून गेला. त्यानं जे खाल्लं त्याचीच फोलपटं डब्यांत होती. या माणसानं डब्यात एकदा बोट घातलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण बोटाला वाळू लागली असती ना! साहेबाचं बोट ते.

हे भागम्माला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं ते एवढंच की जिना काही मोकळा नाही. कापसाचा हंगाम आला की अप्पाची गाठोडी पायऱ्यांवर यायची. लढाईमुळं घासलेटची चणचण सुरू झाली तसे दत्तरावानं तीन भरलेले डबे जिन्याखाली लपवले. भागम्मा रोज चढता-उतरता तिघांचा उद्धार करायची. ते तिघं मान खाली घालून ऐकायचे अन् तिची पाठ फिरली की हसायचे.

त्या फाल्गुनात जिंतूरहून गौराबाई बाळंतपणाला माहेरी आली. आधीची दोन लेकरं हाती लागली नव्हती. सासरचे बोलायला लागले होते. जावई दुसरी करायची भाषा करत होता. म्हणून या खेपेला भागम्मानं लेकीला सातव्या महिन्यातच आणून खोलीत बसवलं, नजरेआड होऊ दिलं नाही. मुलगी झाली. चांगली टणक, रडायला लागली की खाली बाजारात ऐकू जायची. आजीवर गेली म्हणायचे लोक.

"अप्पा," भागम्मा त्या दिवशी खाली येऊन म्हणाली, "वर बाळंतीण हाय. एवढी गाठोडी तरी उचला."

"उचलतो की. बाजार होऊ द्या."

"तुमचा बाजार मसणात गेल्यावर?"

अप्पानं कपाळावरचं भस्म पुसून पुन्हा लावलं. बायकांशी वाद घालायचा नसला की तो असंच करायचा.

आठव्या दिवशी गौराची कंबर धरली. सुईणीनं सांगितलं, गरम वाळूच्या पुरचुंडीनं शेका. भागम्मा दुपारी जिना उतरून डब्यांपाशी आली. ओढ्यावर जायचं तर लेकीला एकटं टाकावं लागलं असतं. निदान तिनं स्वतःची समजूत तशी घातली. तिनं पहिल्या डब्यात हात घातला. वरची वाळू बोटांतून गेली अन् खाली हाताला लागलं ते हलकं, कोरडं, चुरचुरणारं. तिनं मूठ बाहेर काढून बघितली. फोलपटं! दुसरा डबा बघितला, फोलपटं. तिसरा, चौथा, सगळे तसेच.

तिथं तिनं काय करायला हवं होतं ते मी सांगायला नको. ज्या बाईनं आमटीतल्या मिठावरून बाजार डोक्यावर घेतला असता, तिनं त्या क्षणाला अप्पाची गचांडी धरायला हवी होती. पण मग तिनं डब्यात हात कामून घातला, हे निघालं असतं. रोज दुसऱ्यांना बोल लावणारी भागम्मा स्वतः वाळू चोरताना सापडली असती, अन् कडूबाईनं ते आठ दिवस भट्टीवर भाजलं असतं. ते तिला परवडणारं नव्हतं.

तिनं चारी डब्यांवरची बोटभर वाळू पदरात खरवडून घेतली. उघड्या पडलेल्या फोलपटांवर चुलीतली राख आणून पसरली अन् हातानं सारखी केली. राखेनं डबे पहिल्यापेक्षा साजरे दिसायला लागले.

"बारसं होऊ दे," वर चढताना ती पुटपुटली. "मग बघते एकेकाला."

गौराची कंबर त्या शेकानं मोकळी झाली, हेही खरं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी बाजार होता. दुपारी वारा सुटला. कडूबाईच्या भट्टीतून एक ठिणगी उडाली अन् जिन्यातल्या गाठोड्यावर जाऊन बसली. पहिल्यांदा नुसता धूर निघाला. खऱ्या वाळूच्या दोन मुठी टाकल्या असत्या तर तेवढ्यावर निभावलं असतं. मग गाठोड्यानं पेट घेतला अन् कडूबाई बोंबलत रस्त्यावर पळाली.

दत्तराव धावला. तो कुठं धावला असेल? जिन्याखाली शिरून त्यानं आपले घासलेटचे तीन डबे ओढून काढले. ते केलं ते बरंच झालं, नाहीतर माडी तिथंच उडाली असती. पण त्याला माडीची नव्हे, डब्यांची काळजी होती.

अन् आमचा मन्मथअप्पा! त्या दिवशी त्याच्या अंगात पहिल्यांदा मालक संचारला. "सरका!" म्हणत त्यानं धोतर खोचलं, खुंटीवरचा लाल डबा काढला अन् पूर्ण ताकदीनं आगीवर उपडा केला.

राख उडाली, फोलपटं उडाली अन् जिन्याच्या मधोमध पुरुषभर जाळ उठला. पाच पायऱ्या एका दमात पेटल्या. अप्पाला कळेना की वाळूनं भडका कसा उडाला. त्यानं दुसरा डबा उचलला.

तोवर भागम्मा जिन्याच्या माथ्यावर आली होती. "टाकू नका!" ती ओरडली. "अप्पा, टाकू नका! त्यात फोलपटं हायत!"

सगळ्या बाजारानं ते ऐकलं. अप्पानंही ऐकलं. पण चारचौघांत हातात घेतलेला डबा बाईमाणसाच्या सांगण्यावरून खाली ठेवायचा म्हणजे कमीपणा. त्यानं तो टाकला. जाळ वरच्या कठड्याला लागला अन् भागम्माला मागं सरावं लागलं.

आता खाली जायची वाट राहिली नव्हती. दोन्ही बाजूंच्या खोल्यांत कापूस ठासलेला अन् मधल्या खोलीत अकरा दिवसांची बाळंतीण. भागम्मानं लेकीला हाताला धरून सज्ज्यात आणलं. खाली माणसांचा हा घोळका जमला होता. सगळे वर बघत होते अन् एकमेकांना "काहीतरी करा" म्हणून सांगत होते.

त्यातून पुढं आला तो ग्यानबा धनगर. बाजाराला घोंगड्या विकायला बसायचा. सावलीला ओट्यावर टेकला तर लोकर दुकानात उडते म्हणून अप्पानं सकाळीच त्याला हाकलून दिलं होतं.

"आक्का, लेकरू सोडा!" त्यानं दोन्ही हात वर केले.

भागम्मानं अंगावरचं इरकली लुगडं अर्धं सोडलं, त्याच्या पदरात नात बांधली अन् ते गाठोडं खाली सोडलं. चारचौघांत लुगडं सोडताना तिला लाज वाटली का, असं पुढं कुणीतरी विचारलं होतं. तिनं त्याला जे सांगितलं ते इथं लिहिता येत नाही. ग्यानबानं लेकरू झेललं, एका बाईच्या हातात दिलं अन् आपलं सगळ्यात जाड घोंगडं पसरलं. एक कोपरा त्यानं धरला, दोन कोपरे त्याच्या भावांनी. चौथ्याला माणूस पाहिजे होता.

"ओ दत्तराव! धरा की!"

दत्तरावानं धरला. गौरानं डोळे मिटले अन् उडी टाकली. नेमकं त्याच वेळी कुणीतरी म्हणालं, "अहो, तुमचा डबा सांडायलाय." दत्तरावानं मागं वळून बघितलं. घोंगड्याचा तो कोपरा खाली गेला अन् गौराचा उजवा पाय ओट्याच्या दगडावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज वर सज्ज्यात ऐकू आला.

भागम्मा शेवटी उतरली, कशी ते तिलाच ठाऊक. ग्यानबा अन् त्याच्या भावांनी बैलांच्या हौदात घोंगड्या बुडवून जिन्यावर टाकल्या, वरून तुडवल्या, लोकांनी आडाचं पाणी आणलं. जिना गेला, माडी वाचली. वर्षभराच्या विक्रीच्या सहा घोंगड्या जळाल्या, त्याबद्दल कुणी ग्यानबाला विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी दरोगा पंचनाम्याला आला. उरलेले दोन डबे उतरवून त्यानं पहिल्यांदाच त्यात बोट घातलं. मग तोंड वाकडं करून रुमालाला पुसलं.

"इसमें की रेती किसने निकाली?"

अप्पा लिंगायत, त्यानं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "लिंगाची आण घेऊन सांगतो सरकार, मला काहीच ठाऊक न्हवतं." दत्तरावानं लेकराची शपथ घेतली. कडूबाई रडायलाच लागली, ते शपथेपेक्षा सोपं होतं.

मग अप्पाच हळूच म्हणाला, "पण सरकार, फोलपटं हायत हे काल वरून ओरडून सांगितलं ते भागम्मानं. तिला कसं ठाऊक?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. नडगीला कामट्या बांधून गौरा ओट्यावर बसली होती, मांडीवर लेकरू. तीही बघायला लागली.

भागम्माही लिंगायतच, तिचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. अप्पाच्या बोटांनी जे जमलं ते तिच्या बोटांना जमेना. नवरा पुरला त्या दिवशीही ती त्या लिंगावर हात ठेवून खोटं बोलली नव्हती.

"हां, मी घेतली," ती म्हणाली. "वरची बोटभर. लेकीला शेकायला. अन् राख पसरली तीही मीच. खालची डबाभर कुठं गेली ते यांना पुसा. याच्या माठाखाली बघा, हिच्या भट्टीत बघा, याच्या वह्या झटका."

पण दरोग्यानं पुढचं लिहिलं नाही. कबूल करणारं एक माणूस मिळालं की पंचनामा लवकर आटपतो. तिघांचे चेहरे असे खुलले की घरात सण आहे जणू. "हां हां, हीच ती," कडूबाई डोळे पुसत म्हणाली. दरोग्यानं समज दिली अन् कागदावर लिहून ठेवलं की या मकानातल्या वाळूची अन् पाण्याची जिम्मेदारी यापुढं भागम्माची. मालक सुटला, दुकानदार सुटले. एवढ्या दाढ्या अन् पगड्या असलेल्या बाजारात आगीची जबाबदारी पेलायला एक भाकरी थापणारी विधवा सापडली! भागम्मानं अंगठा उठवला. लोकांना वाटलं, आता ही कुणाचं काय ठेवते बघा.

पण ती उठली, चारी डबे झटकून खुंट्यांना टांगले, ओट्यावरची पाटी डोक्यावर घेतली अन् ओढ्याकडं निघाली.

पहिली खेप आणली, खुंटीवरच्या डब्यात ओतली. दुसरी आणली. ऊन तापलं होतं. ओट्यावर बसलेल्या अप्पाला जरा कसंतरी वाटलं असावं.

"भागम्मा, माझा हमाल आणील की एखादी खेप."

"राहू द्या. त्याला तुमची शाई वाळवायची असंल."

तिसऱ्या खेपेला गौरा कळवळून म्हणाली, "आई, पाय लय ठणकायलाय. हाडवैद्यानं शेकायला सांगितलंय. मूठभर तरी इकडं दे."

भागम्मा थबकली. पाटी भरलेली होती, ओट्यावर मांडलेली चूल समोर होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते सगळ्यांनी बघितलं, तिनं पुसलंही नाही.

"आधी डबे, बाई," ती म्हणाली, अन् तिनं तिसरा डबा भरला. मग चौथा. पाचवी खेप गौराच्या पायाची.

पुढं नवा जिना झाला अन् ती माडीवरच राहिली. निजामाचं राज्य गेलं, मिलिटरी आली, दरोगे बदलले, पण त्या जिन्यात गाठोडं ठेवायची अप्पाची छाती झाली नाही. रोज सकाळी ती चारी डब्यांत कोपरापर्यंत हात घालायची अन् मग भाकरीला बसायची. कुणी वाळूला बोट लावलं तर अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशी शिवी द्यायची. तिला गप करणारं मानवतात कुणी नव्हतं. फक्त वर्षातून एकदा जिंतूरहून गौरा यायची. पाय वाकडा जुळलेला, त्यामुळं पायरीवर एक पाऊल नीट पडायचं अन् दुसरं फरफटत. ती फरफट जिन्यात ऐकू आली की भागम्मा तोंडातलं अर्धं वाक्य तसंच सोडून द्यायची, अन् लेक वर पोचेपर्यंत चुलीकडं तोंड करून बसायची.